ॲबेतला राक्षस आणि नायजेल नील

१९५३च्या जूनमध्ये दुसऱ्या एलिझाबेथ राणीचा राज्याभिषेक पाहायचा म्हणून ब्रिटनमधल्या कितीतरी घरांत पहिल्यांदा टीव्ही आला. सोहळा झाला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये. तीन महिने व्हायच्या आत बीबीसीच्या प्रेक्षकांनी त्याच ॲबेमध्ये परग्रहावरचा एक अक्राळविक्राळ जीव पसरलेला पाहिला. ही करामत नायजेल नील या एकतीस वर्षांच्या पटकथाकाराची.

मालिकेचं नाव ‘द क्वाटरमास एक्स्परिमेंट’. सहा भाग, दर शनिवारी थेट प्रक्षेपण, दिग्दर्शक रुडॉल्फ कार्टिए. तिघे अंतराळात जातात, परततो एकटाच, आणि त्याच्या शरीराचं हळूहळू वनस्पतीसारखं काहीतरी होऊ लागतं. पैशांची चणचण एवढी, की शेवटच्या भागातला राक्षस नील यांनी घरचाच बनवला. हातमोज्यांवर पाला-काटक्या चिकटवल्या, ॲबेच्या मोठ्या छायाचित्राला भोकं पाडली आणि त्यांतून हात घालून बोटं वळवळवली. मोजे तयार करायला ज्युडिथ केर मदतीला होत्या. पुढच्याच वर्षी दोघांनी लग्न केलं. बालसाहित्यात केर यांचं मोठं नाव झालं ते नंतर.

खरी ताकद मात्र कथेच्या शेवटात आहे. अंतराळमोहिमेचे प्रमुख प्रा. क्वाटरमास त्या जिवावर शस्त्र उगारत नाहीत. त्याच्यात विरघळून गेलेल्या तिन्ही माणसांना ते साद घालतात, आतून झुंजायला सांगतात. हॅमर कंपनीने १९५५मध्ये यावर चित्रपट काढला, तेव्हा राक्षस विजेच्या धक्क्याने मारून टाकला. नील यांना तो चित्रपट रुचला नाही, आणि मला त्यांचं म्हणणं पुरेपूर पटतं. त्यांच्या लेखनात संकट बाहेरून आलं तरी निकाल लागतो माणसाच्या आतच. मूळ मालिकेचे पहिले दोनच भाग आज शिल्लक आहेत, ही हळहळ वाटावी अशीच गोष्ट.

नील आइल ऑफ मॅन बेटावर वाढले. कायद्याचं शिक्षण सोडलं, अभिनय शिकले, कथासंग्रहाला सॉमरसेट मॉम पुरस्कार मिळाला आणि १९५१मध्ये ते बीबीसीत आले. १९५४मध्ये ऑर्वेलच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’चं त्यांनी केलेलं नाट्यरूपांतर इतकं अंगावर आलं, की पडसाद संसदेत उमटले.

‘क्वाटरमास अँड द पिट’ (१९५८-५९) ही माझ्या मते त्यांची सर्वोत्तम कृती. लंडनमध्ये बांधकामासाठी खोदताना आदिमानवाच्या कवट्या सापडतात, त्यांच्याखाली मंगळावरचं यान. मंगळवासीयांनी आपल्या पूर्वजांच्या मेंदूत फेरफार केला होता. परक्याला ठेचण्याची आपली ऊर्मी हा त्यांचाच वारसा. त्याच १९५८मध्ये नॉटिंग हिलमध्ये कृष्णवर्णीयांवर हल्ले झाले होते. प्रेक्षकांना वेगळं काही समजावण्याची गरजच नव्हती.

नील यांचं ‘द स्टोन टेप’ हे टीव्ही-नाटक १९७२च्या नाताळच्या रात्री दाखवलं गेलं. ध्वनिमुद्रणाचं नवं तंत्र शोधणारी मंडळी जुन्या वाड्यात तळ ठोकतात आणि तिथल्या दगडी भिंतींनीच भूतकाळ मुद्रित करून ठेवलाय, असं त्यांच्या ध्यानात येतं. ही कल्पना लोकांच्या मनात अशी काही रुजली, की भुतांचा माग काढणारे हौशी लोक आजही तिला ‘स्टोन टेप थिअरी’ म्हणतात.