डीबीत न्यूट्रलची हेळसांड
मीटरकडून आलेली वीज घरात जिथून खोल्याखोल्यांत वाटली जाते, ती पेटी म्हणजे डिस्ट्रिब्यूशन बोर्ड, बोलण्यातला डीबी. आत एक मेन स्विच, त्याला लागून आरसीसीबी, पुढे एमसीबींची रांग आणि कडेला दोन पितळी पट्ट्या: एक न्यूट्रलची, दुसरी अर्थिंगची. या पेटीतल्या छुप्या चुका बहुधा न्यूट्रलच्या बाजूला असतात. फेज चुकला तर दिवा लागत नाही किंवा एमसीबी पडतो. न्यूट्रल चुकला तरी दिवा लागतो, पंखा फिरतो आणि वायरमन पैसे घेऊन जातो.

आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह सतत ताडून पाहतो. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा फरक दिसताच ०.३ सेकंदाच्या आत पुरवठा तोडतो. हा हिशेब जुळायचा तर ज्या दिव्याचा फेज त्यातून गेला, त्याचा न्यूट्रलही त्यातूनच परतायला हवा. दोन आरसीसीबी असलेल्या डीबीत न्यूट्रलच्या पट्ट्याही दोन लागतात. बेडरूमची काळी वायर चुकून हॉलच्या पट्टीवर कसली, की बेडरूमचा दिवा लावताच आरसीसीबी पडतो. इन्व्हर्टर बसवताना तर हे हमखास घडते. बसवणारा हाताशी येईल तो न्यूट्रल घेतो आणि मोकळा होतो.

मग ‘हा सारखा पडतो’ म्हणून खापर आरसीसीबीवर फुटते आणि वायर त्याला वळसा घालून थेट जोडली जाते. झाकण लावले की पेटी पूर्वीसारखीच दिसते. आरसीसीबीची खटकी खाली पाडूनही पंखा फिरत राहिला, तर काय झाले ते ओळखावे.

याहून वाईट चूक म्हणजे डीबीत न्यूट्रल आणि अर्थिंगच्या पट्ट्या एकमेकींना जोडणे. ‘शेवटी दोन्ही जमिनीतच जातात’ हे त्यामागचे तर्कट. जोड आरसीसीबीच्या पुढे असेल तर तो पडतो, आणि चूक निदान उघडकीस येते. जोड त्याच्या अलीकडे असेल तर सगळे सुरळीत चालते, मीटरकडून येणारा न्यूट्रल तुटेपर्यंत. तो तुटला की चालू दिव्यातून परतणारा प्रवाह अर्थच्या पट्टीवर येतो आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा असेल तर वॉशिंग मशीन, फ्रीज, गीझर यांच्या पत्र्यात वीज उतरते. आरसीसीबीच्या दृष्टीने गेलेला आणि परतलेला प्रवाह सारखाच असतो, म्हणून कोणी चिकटले तरी तो पडत नाही.

थ्री-फेज जोडणीत न्यूट्रलचा सैल स्क्रूही पुरेसा होतो. तीन फेजांवरचा लोड क्वचितच सारखा असतो. न्यूट्रल सुटला की कमी लोडच्या फेजवरचे २३० व्होल्ट ४०० च्या दिशेने चढतात. टीव्ही आणि फ्रीज एकाच संध्याकाळी जळतात. जुन्या घरांत न्यूट्रललाही किटकॅट फ्यूज असे. तो उडाला की दिवा विझे, होल्डरमध्ये फेज मात्र तसाच राही.

फेजच्या बाजूची एक चूक मात्र फार बोकाळली आहे. एसी लावला की १६ अँपिअरचा एमसीबी पडतो, म्हणून त्याच्या जागी ३२ चा बसवायचा. एमसीबी मुख्यतः वायर वाचवण्यासाठी असतो, एसीसाठी नव्हे. भिंतीतली २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर वीस-बावीस अँपिअरच्या आसपास थकते, आणि ३२ चा एमसीबी ३६ अँपिअर तासभर मुकाट्याने खपवून घेतो. असे वारंवार घडले की भिंतीच्या आत इन्सुलेशन कडक होऊन तडकत जाते.

उरलेल्या चुका हातघाईच्या. एका स्क्रूखाली तीन वायरी कोंबणे, तारेऐवजी प्लास्टिकच दाबणे, मोजके तंतू आत आणि बाकीचे बाहेर फुललेले ठेवणे. असा जोड तापतो, तापून आणखी सैल होतो, आणि एमसीबीला त्याचा पत्ता नसतो, कारण प्रवाह वाढलेलाच नसतो. स्क्रूभोवतीचे तपकिरी पडलेले प्लास्टिक आणि जळकट वास ही त्याची खूण. झाकणातल्या रिकाम्या खाचा बंद न करणे हाही आळसच; उबेला आत शिरलेली पाल दोन वायरींच्या टोकांमध्ये सापडते आणि मध्यरात्री घरभर अंधार होतो.