शब्दार्थ, विसंगती आणि बायबल



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी १९६७ साली मला एक प्रश्न विचारला होता. ‘उत्तर आज नको, वाचून दे,’ असे ते म्हणाले होते. त्यांच्या हयातीत ते माझ्याकडून दिले गेले नाही. चालकांनी विषय निवडण्याची मोकळीक दिली, तेव्हा हे ऋण आठवले. मराठीच्या प्राध्यापकाने बायबलवर का बोलावे, अशी शंका काहींच्या मनात आली असेल. तिचे निरसन प्रसंग सांगितल्याने होईल.

मी तेव्हा नववीत होतो. बाजारात कोणी तरी वाटलेला मराठी ‘नवा करार’ माझ्या हाती आला होता आणि तो मी वकिली बुद्धीने वाचला होता. वर्गात एक ख्रिस्ती मित्र होता. त्याचे वडील कंपाउंडर होते. वादविवादाच्या तासाला मी त्याला भर वर्गात विचारले, ‘तुमचा यहूदा इस्कर्योत मेला कसा?’ मत्तयाच्या शुभवर्तमानात त्याने गळफास घेतला असे आहे, तर प्रेषितांच्या कृत्यांत तो पालथा पडून पोट फुटून मेला असे आहे. मग खरे काय? मित्राला उत्तर सुचेना. वर्ग हसला, तो खाली बसला आणि पुढे कित्येक महिने त्याने आमच्याबरोबर डबा खाल्ला नाही.

गुरुजी वर्गात काही बोलले नाहीत. शाळा सुटल्यावर त्यांनी मला थांबवून घेतले. ‘गणपतीचे मस्तक कोणी उडवले रे?’ मी म्हटले, शंकराने. ‘ते शिवपुराणात. ब्रह्मवैवर्तात ते शनीची दृष्टी पडून गेले असे सांगितले आहे. मग खोटे पुराण कोणते?’ माझी बोलती बंद झाली. त्यावर त्यांनी ते वाक्य उच्चारले: ‘उत्तर आज नको, वाचून दे.’

आता वाचनाकडे वळतो. बायबल हे नाव ज्या ग्रीक शब्दापासून आले, तो अनेकवचनी असून त्याचा अर्थ ‘पुस्तके’ असा आहे. प्रॉटेस्टंट परंपरेत ती ६६, कॅथलिक परंपरेत ७३. जुना करार हिब्रूत आणि थोडा अरामाइकमध्ये, नवा करार ग्रीकमध्ये. त्यात राजांच्या बखरी, कायदे, वंशावळी, प्रेमगीते, विलाप, म्हणी आणि पत्रे आहेत. एका बैठकीत एका लेखकाने लिहिलेला हा ग्रंथ नव्हे, आणि तरीही श्रद्धावंताला त्यात एकच वाणी ऐकू येते. सारा वाद या दोन गोष्टींच्या संधीवर उभा आहे.

विसंगती आहेत का? आहेत, आणि त्या झाकण्यात अर्थ नाही. ‘उत्पत्ती’च्या पहिल्या अध्यायात आधी वनस्पती, मग पशू आणि शेवटी स्त्री-पुरुष निर्माण होतात. दुसऱ्या अध्यायात आधी पुरुष, मग झाडे, मग पशू आणि शेवटी स्त्री. नोहाच्या तारवात प्रत्येक जातीची एक जोडी घ्यावी असे एकदा सांगितले जाते. पुढच्याच अध्यायात शुद्ध पशू सात-सात घ्यावेत अशी आज्ञा होते. जलप्रलय एका हिशेबाने ४० दिवसांचा, दुसऱ्या हिशेबाने पाणी १५० दिवस चढलेले. गल्याथाला दावीदाने मारले हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पण शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात एलहानान नावाच्या वीराने गल्याथाला मारले असेही एक वाक्य आहे. ‘इतिहास’ या नंतरच्या ग्रंथात तेच वाक्य येते, तेव्हा मारला गेलेला माणूस गल्याथाचा भाऊ झालेला असतो.

या सर्वांत मला सर्वाधिक विचार करायला लावणारी जागा दावीदाच्या शिरगणतीची आहे. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात परमेश्वर कोपतो आणि दावीदाला प्रजेची मोजणी करण्यास प्रवृत्त करतो. मग त्या मोजणीबद्दलच शिक्षा देतो. ‘इतिहास’कार तीच कथा सांगतो, मात्र प्रवृत्त करणारा तिथे सैतान आहे. आकडेही निराळे: पहिल्या ठिकाणी इस्राएलचे आठ लक्ष आणि यहूदाचे पाच लक्ष, दुसऱ्या ठिकाणी अकरा लक्ष आणि चार लक्ष सत्तर हजार. आकड्यांचा फरक नकलनवीसाच्या माथी मारता येईल. परमेश्वराच्या जागी सैतान कोणत्याही नकलनवीसाच्या डुलकीने येत नाही. ‘देवच पाप करवतो आणि देवच दंड करतो, हे कसे?’ हा प्रश्न त्या उत्तरकालीन लेखकाला छळत होता आणि त्याने आपले उत्तर कथेतच घातले. म्हणजे बायबलमधील विसंगती प्रथम पाहिली ती बायबलच्याच एका लेखकाने. आणि ज्यांनी संग्रह सिद्ध केला, त्यांनी जुनी कथाही काढून टाकली नाही.

हा मुद्दा मला मध्यवर्ती वाटतो. हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेत आयुष्य घालवलेल्या माणसाला संकलकांबद्दल आदर वाटतो. नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा त्यांच्यापुढे पाठांची दाटी होती. त्यांनी निवड केली. ‘उत्पत्ती’च्या संकलकाने दुसरा मार्ग धरला. पूज्य परंपरा दोन होत्या, त्याने दोन्ही राखल्या आणि एकमेकींत गुंफल्या. ४० आणि १५० हे आकडे त्याला दिसले नसतील असे मानणे हा आपलाच भाबडेपणा आहे. या गुंफणीचे धागे वेगळे करण्याचा पद्धतशीर उद्योग १७५३ साली झां आस्त्र्युक या फ्रेंच वैद्याने केला. देवासाठी दोन निरनिराळी नावे येतात, हे सूत्र धरून त्याने ‘उत्पत्ती’चे रकाने पाडले. गंमत अशी की, ग्रंथ मोशेचाच आहे हे सिद्ध करण्याचा त्याचा हेतू होता. मोशेने जुनी टिपणे वापरली, एवढेच त्याला दाखवायचे होते. १८७८ साली वेलहाउझेन या जर्मन पंडिताने त्याच वाटेने जाऊन मोशेचे कर्तृत्वच बाजूला सारले. धाग्यांची संख्या आणि काळ यांविषयी पंडितांत आजही एकमत नाही, पण धागे अनेक आहेत हे बहुतेकांना मान्य आहे.

‘नीतिसूत्रे’ या पुस्तकाच्या २६व्या अध्यायात तर मौज आहे. चौथे वचन मूर्खाला त्याच्या मूर्खपणाच्या पातळीवर उतरून उत्तर देऊ नये असे सांगते, तर लगेचचे पाचवे उत्तर द्यावेच असे सांगते. तालमुदात नोंद आहे की, अशा परस्परविरोधी वचनांमुळे हे पुस्तक बाजूला ठेवावे असा विचार ज्ञानी मंडळींनी केला होता. मग त्यांनी तोड काढली की एक वचन धर्मशास्त्राच्या चर्चेसाठी आणि दुसरे व्यवहारासाठी. आपल्याकडच्या जाणकारांना इथे मनुस्मृती आठवेल. दोन श्रुतिवचनांत विरोध असेल तर दोन्ही धर्मच, असे तिथे म्हटले आहे आणि उदाहरण दिले आहे ते सूर्योदयानंतरच्या व सूर्योदयापूर्वीच्या होमाचे. मीमांसकांनी अशा जागी ‘विकल्प’ मानला. एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या दोन पंडितपरंपरा एकाच अडचणीवर इतक्या जवळच्या वाटेने उत्तर शोधतात, याचे मला आजही नवल वाटते.

नव्या कराराची गोष्ट थोडी वेगळी. तिथे चार शुभवर्तमाने शेजारी-शेजारी उभी आहेत. योहानाच्या कथेत येशू मंदिरातील व्यापाऱ्यांना हाकलतो ते आरंभी. उरलेल्या तिघांच्या कथेत ते अखेरच्या आठवड्यात. येशूच्या वंशावळीत योसेफाचा पिता मत्तयाच्या मते याकोब, लूकच्या मते एली. तिसऱ्या शतकात जूलियस आफ्रिकानस याने यावर तोडगा सुचवला: याकोब आणि एली हे एकाच आईचे पुत्र, एली निपुत्रिक वारला, तेव्हा याकोबाने यहूदी विधीनुसार त्याच्या विधवेच्या ठायी संतती उत्पन्न केली. योसेफ एकाचा औरस, दुसऱ्याचा कायद्याने पुत्र. महाभारत वाचलेल्यांना नियोग समजावून सांगण्याची गरज नाही.

दुसऱ्या शतकात, सुमारे १७० साली, तातियान याने चारही शुभवर्तमाने एकत्र विणून सलग एकच कथा तयार केली. तिला ‘दियातेसरोन’ म्हणतात. सिरियातील मंडळ्यांत ती दीर्घकाळ वाचली गेली. पाचव्या शतकात थेओदोरेत या बिशपाने तिच्या दोनशेहून अधिक प्रती गोळा करून बाजूला ठेवल्या आणि त्यांच्या जागी चार स्वतंत्र शुभवर्तमाने दिली. विसंगती नाहीशी करण्याची सोय हाताशी होती आणि चर्चने ती नाकारली. माझ्या मित्राला हे ठाऊक असते, तर माझा प्रश्न त्याला इतका झोंबला नसता. मला ठाऊक असते, तर मी तो तशा सुरात विचारलाच नसता.

आता शब्दार्थाविषयी. आपल्या काव्यशास्त्राने लक्षणेची पहिली अट सांगितली ती मुख्यार्थबाध. ‘गंगेवर गवळीवाडा’ म्हटले की प्रवाहावर घरे असणे शक्य नाही, म्हणून अर्थ काठाकडे सरकतो. तिसऱ्या शतकातील ओरिजेनने नेमका हाच न्याय लावला: सूर्यच जर चौथ्या दिवशी झाला, तर पहिले तीन दिवस दिवस कसे? अशा अशक्य जागा वाचकाला थांबवून अर्थाच्या पुढच्या पायरीवर नेण्यासाठी मुद्दाम ठेवल्या आहेत, असे त्याचे मत. ऑगस्टीनने तर ‘उत्पत्ती’च्या शब्दार्थावरच ग्रंथ लिहिला आणि त्यातही ते सहा दिवस आपल्या सूर्याचे दिवस मानले नाहीत. ग्रहताऱ्यांची माहिती नसताना धर्मग्रंथाच्या नावाने त्यांविषयी बडबड करणारा ख्रिस्ती माणूस ग्रंथाचेच हसे करून घेतो, असा त्याचा इशारा आहे. गॅलिलिओने १६१५ साली डचेस क्रिस्तिनाला लिहिलेल्या पत्रात ऑगस्टीनचाच आधार घेतला. वादाची जागा होती यहोशवाच्या पुस्तकातील थांबलेला सूर्य. तो प्रसंग जिथे येतो तिथे ग्रंथकार याशाराच्या पुस्तकातील पद्य उद्धृत करतो, हे दोन्ही पक्षांनी पुरेसे ध्यानात घेतले नाही असे माझ्यासारख्या साहित्याच्या अभ्यासकाला वाटते. १६३३ साली गॅलिलिओला शिक्षा झाली. पोपने झालेली चूक जाहीरपणे मान्य केली ती १९९२ साली.

अक्षरश: अर्थाचा आधुनिक आग्रह त्या मानाने नवा आहे. अमेरिकेत टेनेसी राज्यातील डेटन येथे १९२५ साली उत्क्रांतिवाद शिकवल्याबद्दल स्कोप्स या शिक्षकावर खटला झाला. बचावाचे वकील डॅरो यांनी फिर्यादी पक्षाच्या ब्रायन यांनाच साक्षीला उभे केले. योनाला मासा गिळतो ते कसे, काइनाला बायको कुठून मिळाली, असे प्रश्न झाले. सृष्टीचे दिवस २४ तासांचेच असे नाही, हे ब्रायन यांनी त्या भर उन्हात कबूल केले. म्हणजे अक्षरश: वाचणाराही कुठे तरी लक्षणेचा आश्रय घेतो. शब्दप्रामाण्य मानणाऱ्या मंडळींनी १९७८ साली शिकागो येथे जे निवेदन काढले, त्यातही काव्य हे काव्य म्हणून वाचावे हे मान्य केले आहे; त्यांना सरसकट अडाणी ठरवणे अन्यायाचे आहे.

आपल्याकडे हा वाद दुधारी झाला. १८३१ च्या सुमारास मुंबईत मोरभट दांडेकर आणि जॉन विल्सन यांची जुंपली; १८५७ साली समुद्रकिनारी विष्णुबावा ब्रह्मचारी मिशनऱ्यांशी वाद घालत होते. विल्सन पुराणांवर जे शस्त्र चालवीत, तेच शास्त्रीमंडळी बायबलवर उलटवीत. स्वत:च्या ग्रंथाला लक्षणा आणि दुसऱ्याच्या ग्रंथाला अभिधा, हा दोन्हीकडचा अलिखित नियम. बाबा पदमनजी याच बेळगावात १८३१ साली जन्मले. त्या धुमश्चक्रीत त्यांची पिढी वाढली. आणि १९६७ सालच्या आमच्या वर्गात मीही नेमका तोच नियम पाळला होता.

राहता राहिला यहूदा. दोर तुटला आणि तो खाली पडला, अशी सांगड पूर्वीपासून घातली जाते. मला ती पटत नाही. तिने मत्तयाची कथा राहत नाही, लूकची राहत नाही, तिसरीच तयार होते. दोन्ही ठिकाणी एका शेताचे नाव येते: रक्ताचे शेत. मत्तय म्हणतो, रक्ताच्या पैशाने याजकांनी ते विकत घेतले म्हणून हे नाव. प्रेषितांच्या कृत्यांत ते यहूदाने स्वत: घेतलेले आणि त्याच्याच मृत्यूने कुप्रसिद्ध झालेले. आपल्या कोणत्याही क्षेत्रात जा, नावाच्या दोन कथा ऐकायला मिळतील. नाव पक्के, माणूस पक्का, त्याचा विश्वासघात पक्का. मरण कसे आले हे मात्र दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी सांगितले गेले. गुरुजींनी विचारलेल्या मस्तकाचेही तसेच आहे. ‘खोटे कोणते’ या प्रश्नाला माझे उत्तर एवढेच की, दोन्ही कथा पूर्ण ऐकाव्यात आणि प्रत्येक कथा काय सांगण्यासाठी रचली आहे ते शोधावे.

तो मित्र पुढे शिक्षक झाला. निवृत्तीनंतर एकदा त्याच्या घरी गेलो असता मी त्या तासाचा विषय काढला आणि क्षमा मागितली. तो हसला, आत गेला आणि वडिलांचे मराठी बायबल घेऊन आला. पुठ्ठा सुटलेला, कडा हाताळून काळवंडलेल्या. मत्तयाचा २७वा अध्याय उघडून त्याने माझ्यापुढे धरला. यहूदाच्या गळफासाच्या ओळीशेजारी समासात कंपाउंडरांच्या बारीक अक्षरात पेन्सिलीने लिहिले होते: ‘प्रे. कृ. १.१८ पाहा.’ खाली तारीख होती, १९५१ सालची.