परदेशस्थ व्यवस्थापकाचे परिचयविश्व

स्वदेशात काम करणाऱ्या अधिकाऱ्याचे व्यावसायिक परिचय पुष्कळदा त्याच्या नकळत जमलेले असतात. शाळासोबती, आप्त, पूर्वीच्या कचेरीतील सहकारी यांचे जाळे त्याच्याभोवती वर्षानुवर्षे विणले जात असते. परदेशी नेमणूक होताच तो या जाळ्यापासून एकाएकी दुरावतो. मुदत थोडी, कामाचा व्याप मोठा, भाषा व रीतिरिवाज अपरिचित. अशा स्थितीत परिचय वाढविण्यासाठी खर्ची पडणारा वेळ सार्थकी कसा लागावा, हा प्रश्न वरवर पाहता केवळ व्यवहारचातुर्याचा वाटतो. परंतु गेल्या पन्नास वर्षांत समाजशास्त्राने त्याचा पद्धतशीर विचार केलेला आहे. त्यातील प्रमुख निष्कर्षांचा परामर्श प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

१. दूरच्या परिचयांचे मोल

मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा ‘दुर्बल संबंधांचे सामर्थ्य’ या आशयाच्या शीर्षकाचा निबंध १९७३ साली प्रसिद्ध झाला. बोस्टननजीकच्या न्यूटन येथे नुकतीच नोकरी बदललेल्या व्यावसायिकांची त्यांनी पाहणी केली होती. ज्यांना परिचितांकरवी नोकरीची वार्ता कळली, त्यांपैकी सुमारे १७ टक्के लोकांचीच त्या परिचिताशी वारंवार भेट होत असे. ५६ टक्क्यांची अधूनमधून, तर २८ टक्क्यांची क्वचितच होत असे. याचे कारण उघड आहे. आपले जिवलग मित्र आपल्याच वर्तुळात वावरतात, तेव्हा त्यांना ठाऊक असलेले बहुतेक आपणांसही ठाऊक असते. नवी वार्ता येते ती दुसऱ्या वर्तुळातून.

या सिद्धान्ताची मोठ्या प्रमाणावर परीक्षा २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात झाली. लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी सभासदांवरील या प्रयोगांतून असे दिसले की, नोकरी मिळविण्याच्या कामी सर्वाधिक उपयोगी पडतात ते मध्यम प्रतीचे दुर्बल संबंध. संबंध अगदीच नाममात्र असेल, तर त्याचा उपयोग पुन्हा घटतो. म्हणजे परिचयपत्रिकांचा नुसता संग्रह करणे हाही मार्ग नव्हे.

२. स्वदेशीयांचे मंडळ

परदेशात गेलेला मनुष्य प्रथम आपल्या भाषेच्या माणसांकडे वळतो, हे स्वाभाविकच आहे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून हीच गरज भागवीत आले आहे. तेथे लाभणारा मनाचा विसावा अल्पमोलाचा म्हणता येणार नाही. तथापि व्यावसायिक दृष्टीने अशा वर्तुळाचे मूल्य, ते बाहेरच्या जगाकडे दार उघडते की नाही, यावर अवलंबून असते.

कॅलिफोर्नियातील सिलिकॉन व्हॅलीत १९९२ साली स्थापन झालेली ‘टाय’ ही संस्था याचे ठळक उदाहरण होय. तेथील आशियाई उद्योजकांविषयीचे ॲनाली सॅक्सेनियन यांचे संशोधन १९९९ साली प्रकाशित झाले. स्थिरावलेल्या ज्येष्ठांनी नवागतांना मार्गदर्शन, भांडवलदारांशी ओळख व ग्राहकांपर्यंतची वाट मिळवून दिली, हे त्यावरून लक्षात येते. येथे स्वदेशीयांचे मंडळ कुंपण न ठरता सेतू ठरले. रोनाल्ड बर्ट यांनी १९९२ साली मांडलेल्या विवेचनानुसार, परस्परांशी संपर्क नसलेल्या दोन गटांमध्ये जो उभा असतो, त्यास वार्ता व संधी या दोहोंचा लाभ होतो. परदेशस्थ व्यवस्थापक मायदेश व परदेश यांच्या अशाच सांध्यावर उभा असतो. तो स्वदेशीयांतच गुरफटला, तर हे स्थानमाहात्म्य तो आपल्या हातानेच गमावतो.

३. मेळाव्यांची मर्यादा

परिचयवृद्धीसाठी मेळावे भरविण्याची प्रथा सर्वत्र आहे. पॉल इन्ग्रॅम व मायकेल मॉरिस यांनी न्यूयॉर्कमधील अशा एका मेळाव्यात निमंत्रितांच्या अंगावर संभाषणाची नोंद घेणारी विद्युत्साधने लावली. त्यांचा निबंध २००७ साली प्रसिद्ध झाला. नव्या माणसांना भेटण्याच्या हेतूने आलेले हे लोक प्रत्यक्षात आपल्या पूर्वपरिचितांशीच अधिक बोलत राहिले. हेतू व वर्तन यांतील ही तफावत ध्यानी घेता, ज्याच्याजवळ वेळ थोडा आहे त्याने दर सायंकाळी मेळावे गाठण्यापेक्षा, कोणाची भेट घ्यावयाची हे आधी ठरवून उभयतांच्या परिचिताकरवी ती घडवून आणणे श्रेयस्कर.

४. सुप्त संबंध

व्यग्र माणसास विशेष उपयुक्त असा निष्कर्ष डॅनियल लेव्हिन, होर्हे वॉल्टर व किथ मर्निघन यांनी २०११ साली मांडला. निदान तीन वर्षे संपर्कात नसलेल्या जुन्या सहकाऱ्यांकडे हाती असलेल्या कामाविषयी सल्ला मागावा, असे त्यांनी अधिकाऱ्यांना सुचविले. मिळालेला सल्ला नेहमीच्या सहकाऱ्यांच्या सल्ल्यापेक्षा अधिक नवा आढळला, आणि पूर्वीचा विश्वासही टिकून होता. मधल्या काळात त्या व्यक्तीने निराळे अनुभव घेतलेले असतात; विश्वास मात्र नव्याने संपादन करावा लागत नाही. वर्षाकाठी आठ-दहा जुन्या परिचितांस मनापासून पत्र लिहिणे, ही म्हणूनच अल्प खर्चाची व मोठ्या फळाची गोष्ट आहे.

५. देशाचार

वरील संशोधन मुख्यत्वे अमेरिकेतील आहे; ते जसेच्या तसे अन्यत्र लागू करता येत नाही. जपानमध्ये महत्त्वाच्या प्रस्तावाविषयी सभेपूर्वीच संबंधितांशी एकेकट्याने बोलून संमती मिळविण्याची रीत आहे. तिला ‘नेमावाशी’ म्हणतात. झाड दुसरीकडे हलविण्यापूर्वी मुळांभोवती खणून तयारी करणे, हा या शब्दाचा मूळ अर्थ. ‘रिंगी’ पद्धतीत प्रस्तावाचा कागद खालच्या अधिकाऱ्यांकडून सह्या-शिक्के घेत वर चढतो. अशा ठिकाणी केवळ सर्वोच्च अधिकाऱ्याची ओळख पुरत नाही. मधल्या फळीतील माणसांशी सावकाश जोडलेला संबंधच कामी येतो. दोन हातांनी दिलेली परिचयपत्रिका लक्षपूर्वक वाचणे हा तेथे या संबंधाचा आरंभ असतो.

६. उपसंहार

एक प्रश्न उरतो. अधिकारी मायदेशी परतला की त्याने जोडलेली माणसे बहुधा त्याच्याबरोबरच संस्थेच्या दृष्टीआड होतात, आणि त्याच्या जागी येणारा पुनश्च शून्यापासून आरंभ करतो. म्हणून मुदत संपण्यापूर्वी उत्तराधिकाऱ्यास बरोबर घेऊन प्रत्यक्ष भेटी घडविणे, हे कर्तव्य मानले पाहिजे. नावांची यादी हस्तांतरित करता येते, विश्वास करता येत नाही. त्यासाठी विश्वास ठेवणाऱ्या दोघांनीही तेथे उपस्थित असावे लागते.

सारांश, संबंधांचे फळ भेटींच्या संख्येवर नव्हे, तर त्यांच्या निवडीवर, विविधतेवर व परस्परोपयोगावर अवलंबून असते. ज्यास केवळ घ्यावयाचे आहे, देण्यासारखे काही नाही, त्याचे परिचय फार काळ टिकत नाहीत; आणि परक्या देशात ही गोष्ट लोकांच्या अधिकच लवकर ध्यानी येते.