आमची सिटी, पण कोणाची? : फुटबॉल क्लबच्या मालकीचा प्रश्न



मागचं व्याख्यान संपल्यावर एका तरुण श्रोत्यानं आम्हाला गाठलं. मुलगा मुलुंडचा. घाटकोपरला उतरून मेट्रो पकडायची, आझाद नगरला उतरायचं आणि चालत अंधेरीच्या क्रीडा संकुलात जायचं, हा त्याचा सामन्याच्या दिवसाचा नेम. त्यानं विचारलं, "सर, आमच्या क्लबचा मालक बदलला. मग क्लब तोच राहिला का?"

फुटबॉलचं आमचं ज्ञान बेताचंच. पण प्रश्न आमच्या विषयातला होता, आणि उत्तर मात्र तिथल्या तिथं सुचलं नाही. ते आज द्यायचा प्रयत्न करतो.

आधी हकिगत पाहू. 2014 साली इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि तिच्याबरोबर मुंबई सिटी एफसी जन्माला आली. मालक होते अभिनेते रणबीर कपूर आणि बिमल पारेख. पहिले दोन हंगाम घरचं मैदान नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम होतं. 2016 मध्ये क्लब अंधेरीला, महापालिकेच्या शहाजी राजे भोसले क्रीडा संकुलात आला. 28 नोव्हेंबर 2019 रोजी जाहीर झालं की सिटी फुटबॉल ग्रुपनं क्लबचा 65 टक्के हिस्सा घेतला आहे. उरलेले 35 टक्के मूळ मालकांकडेच राहिले. हा ग्रुप म्हणजे मँचेस्टर सिटीची मातृसंस्था. तिची सूत्रं अबुधाबीत आणि क्लब अनेक देशांत. मुंबई हा तिचा आठवा क्लब.

पुढची सहा वर्षं, मैदानापुरतं बोलायचं तर, भरभराटीची गेली. 2020-21 मध्ये लीग शील्ड आणि चषक दोन्ही मिळाले. 2022 च्या एप्रिलमध्ये रियाधला इराकच्या हवाई दलाच्या क्लबला 2-1 असं हरवून एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटात सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब हा मान मिळाला. 2022-23 मध्ये पुन्हा शील्ड, 2024 मध्ये पुन्हा चषक.

आणि मग डिसेंबर 2025. भारतीय फुटबॉल महासंघानं 2010 साली केलेला पंधरा वर्षांचा व्यापारी हक्कांचा करार त्या महिन्यात संपत होता. नव्या हक्कांसाठी निविदा काढली, तर एकही बोली आली नाही. हंगाम आधीच लांबणीवर पडलेला. अशा अनिश्चिततेत सिटी फुटबॉल ग्रुपनं आपला हिस्सा सोडला आणि क्लब पुन्हा मूळ मालकांकडे गेला. व्यवहार कायदेशीर होता, त्यात खोट काढण्यासारखं काही नाही. पण मुलुंडच्या त्या मुलाला ही गोष्ट कधी कळली? सगळं ठरून गेल्यावर, फोनवर बातमी आली तेव्हा. 2019 मध्येही तसंच झालं होतं. फरक इतकाच, की तेव्हा बातमी आनंदाची होती, म्हणून कोणी प्रश्न विचारला नाही.

आता बघा, या क्लबचं घोषवाक्यच आहे, 'आमची सिटी'. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' यांत फरक आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. 'आपण जेवायला जाऊ' म्हटलं की ऐकणारा त्यात आला. 'आम्ही जेवायला जातो' म्हटलं की तो बाहेर राहिला. चाहता 'आमची' म्हणतो तेव्हा कोलकात्याची नाही, गोव्याची नाही, आमची, असा त्याचा अर्थ असतो. तो बरोबरच आहे. पण भागधारकांच्या बैठकीतही 'आमची'च म्हणतात, आणि तिथं बाहेर राहतो तो चाहता. शब्द एकच, कुंपण मात्र दोन वेगळ्या ठिकाणी.

मुंबईत हे पहिल्यांदा घडलेलं नाही. महिंद्र युनायटेड आठवतो? 1962 पासूनचा कंपनीचा संघ. 2005-06 मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकलेला. 2010 साली कंपनीनं ठरवलं की यापुढं शालेय फुटबॉलवर भर द्यायचा, आणि संघ बंद झाला. त्यानंतर शहराचा आधार होता मुंबई एफसी, एस्सेल समूहानं 2007 मध्ये काढलेला क्लब. 2017 मध्ये तो आय-लीगमधून खाली घसरला आणि मालकांनी तोही गुंडाळला. गंमत म्हणजे त्याच मोसमात मिझोरामच्या ऐजॉल एफसीनं आय-लीग जिंकली, आणि त्यांचे प्रशिक्षक होते खालिद जमील, जे आधी अनेक वर्षं मुंबई एफसीचे प्रशिक्षक होते. कूपरेजला कित्येक वर्षं जाणाऱ्या प्रेक्षकाला दोन्ही वेळा एका सकाळी समजलं की उद्यापासून जायला जागा नाही.

म्हणजे कारखानदार, माध्यमसमूह, नट, परदेशी ग्रुप, असे चारही तऱ्हेचे मालक या शहरानं पाहिले. यात चांगला मालक कोण आणि वाईट कोण, हा हिशेब आम्ही मांडत नाही. कित्येकांनी खिशाला चाट लावून संघ चालवले. मुद्दा असा, की मालक चांगला असो वा वाईट, चाहत्याचं स्थान प्रत्येक वेळी तेच होतं. तिकीट काढायचं, ओरडायचं आणि निर्णय झाला की ऐकून घ्यायचा.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मालक बदलल्यावर क्लब तोच राहतो का?

'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात मिलिंद राजा आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद आहे. नागसेन राजाला विचारतो, तू रथातून आलास, तर रथ म्हणजे काय? चाकं म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? दांडा? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. शेवटी दोघं इथं येतात, की हे भाग एका विशिष्ट रीतीनं एकत्र आले की त्या जुळणीला आपण 'रथ' या नावानं ओळखतो. त्या भागांपलीकडे रथ नावाची वेगळी वस्तू नाही.

हाच प्रश्न क्लबला लावा. खेळाडू म्हणजे क्लब का? ते दर दोन-तीन वर्षांनी बदलतात. प्रशिक्षक? 2021 ला लोबेरा, 2023 ला बकिंगहॅम, 2024 ला क्रॅत्की. मैदान? नेरूळहून अंधेरीला आलं. शिवाय ते महापालिकेचं, क्लबचं नव्हेच. मालक? तो तर बदललाच. मग 2014 ची मुंबई सिटी आणि आजची मुंबई सिटी एकच, असं आपण कशाच्या जोरावर म्हणतो?

आम्हाला वाटतं, याचं उत्तर साधं आहे. नाव टिकतं, कारण कोणीतरी त्या नावानं हाक मारत राहतं. पश्चिमेकडच्या स्टँडमध्ये ढोल घेऊन उभी राहणारी वेस्ट ब्लॉक ब्लूजची मंडळी, बोरिवलीहून लोकलनं येणारे बापलेक, टीव्हीसमोर बसणारे आजोबा. या सगळ्या जुळणीत सलग राहिलेला भाग तेवढाच. म्हणजे क्लबला 'तोच' ठेवण्याचं काम जो करतो, त्यालाच क्लबच्या कारभारात जागा नाही. कायद्यानं याला अन्याय म्हणता येणार नाही. पण विसंगती तर नक्कीच आहे.

'सर, जगात सगळीकडे असंच असतं,' असं कोणी म्हणेल. तसं नाही. ज्या सिटी फुटबॉल ग्रुपनं मुंबई घेतली, त्याच ग्रुपला 2022 साली नेदरलँड्समधला एनएसी ब्रेडा हा 1912 सालचा क्लब घ्यायचा होता. बोलणी बरीच पुढं गेली होती. पण ब्रेडाचे चाहते रस्त्यावर उतरले. आमचा क्लब विकाऊ नाही आणि कोणाच्या साखळीतली कडीही नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. शेवटी तो व्यवहार झाला नाही, क्लब स्थानिक मंडळींच्या हाती राहिला. त्याच देशातल्या आयाक्सची रचना पाहा. 1998 पासून तो शेअर बाजारात आहे, पण सुमारे 73 टक्के समभाग सभासदांच्या संघटनेकडे आहेत. उलट आर्नहेमचा व्हिटेस. 2010 मध्ये तो एका जॉर्जियन उद्योजकानं घेतला, मग तो हातोहाती फिरत गेला. 2024 मध्ये संघाचे 18 गुण कापले गेले, वरच्या श्रेणीतून घसरण झाली. 2025 मध्ये व्यावसायिक परवाना गेला आणि अपील न्यायालयात जाऊन तो परत मिळवावा लागला. देश एकच, खेळ एकच. फरक मालकीच्या घडणीचा.

हे परदेशचं झालं. आपल्या उपनगरातल्या माणसाला हा विषय घरांच्या भाषेत चटकन समजेल. घराशी आपलं नातं तीन प्रकारचं असतं. पहिलं, सोसायटीच्या सभासदाचं. शेअर सर्टिफिकेट हातात, सर्वसाधारण सभेत एक मत. आयाक्सची संघटना साधारण अशी. दुसरं, लीव्ह अँड लायसन्सचं. अकरा महिने राहा, पैसे भरा, करार संपला की सामान उचला. आपल्याकडच्या फ्रँचायझी क्लबांचा चाहता इथं येतो. किंबहुना त्याच्याकडे अकरा महिन्यांचा कागदही नसतो.

आणि तिसरं, पागडीचं. पार्ल्यात, घाटकोपरला, मुलुंडला जुन्या इमारतींतून राहिलेल्यांना हे सांगायला नको. पागडीवाला इमारतीचा मालक नाही. पण तो उपराही नाही. त्याचा हक्क मुलाकडे जातो, आणि त्याच्यासारख्यांची संमती मिळवल्याशिवाय इमारतीचा पुनर्विकास पुढं सरकत नाही. मालकी मालकाचीच, पण काही गोष्टी पागडीवाल्याला विचारल्याशिवाय करता येत नाहीत.

चाहत्यासाठी आम्ही मागतो ते एवढंच. मालकी नको, पागडी द्या.

हे स्वप्नरंजन नाही, याचा दाखला मुंबईच्याच दोन अंतिम सामन्यांत आहे. 13 मार्च 2021 ला फातोर्ड्याला मुंबई सिटीनं ज्याला 2-1 हरवलं, त्या संघाचं नाव होतं एटीके मोहन बागान. 4 मे 2024 ला कोलकात्याला ज्याला 3-1 हरवलं, त्याचं नाव मोहन बागान सुपर जायंट. मधल्या काळात काय झालं? 1889 सालच्या या क्लबात 2020 मध्ये गोएंका समूहाला 80 टक्के हिस्सा मिळाला आणि नावाआधी 'एटीके' लागलं. चाहते सतत विरोध करत राहिले. 2023 मध्ये ती अक्षरं काढावी लागली. वीस टक्के हिस्सा जुन्या क्लबच्या बाजूला होता, पण नाव परत आलं ते त्या टक्केवारीमुळे नव्हे. तीन-चार पिढ्यांच्या वहिवाटीला मालकालाही मान द्यावा लागला.

अर्थात प्रत्येक क्लबाच्या पाठीशी सव्वाशे वर्षं नसतात. बारा वर्षांच्या मुंबई सिटीनं ती कुठून आणायची? म्हणूनच नियम हवा. वेल्सच्या कार्डिफ सिटीच्या मालकानं 2012 मध्ये संघाचा परंपरागत निळा रंग बदलून लाल केला. निळा परत यायला 2015 उजाडलं. अशा अनुभवांतून इंग्लंडमध्ये 2025 साली कायदा झाला, स्वतंत्र नियामक आला. आता तिथं क्लबचं बोधचिन्ह किंवा घरच्या पोशाखाचा रंग बदलायचा, तर चाहत्यांचा पाठिंबा दाखवावा लागतो. मालकी कोणाची काढून घेतलेली नाही. पागडीचा हक्क तेवढा लिहून दिला आहे.

आपल्याकडे लीगची घडी नव्यानं बसवली जाते आहे. हीच वेळ आहे. आमच्या मते तीन गोष्टी नियमात आल्या तरी पुरे. नाव, रंग आणि शहर बदलण्याआधी नोंदणीकृत चाहत्यांचं मत घेणं. हिस्सा विकण्याआधी त्यांना कळवणं, बातमी फुटल्यावर नव्हे. आणि क्लब बंद करायची वेळ आलीच, तर लहान मुलांचे संघ मोसम संपेपर्यंत चालवण्याची हमी, कारण मोठ्या खेळाडूला दुसरा करार मिळतो, तेरा वर्षांच्या पोराला मिळत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. पैसा मालक घालतो, तोटा मालक सोसतो, मग लुडबुड इतरांनी का करावी? पण वरच्या तीनही गोष्टींत मालकाच्या पैशाला कोणी हात लावत नाही. जे त्यानं विकत घेतलेलंच नाही, म्हणजे लोकांची सवय, आठवण, हाक, तेवढं परस्पर विकू नये, इतकंच आपण म्हणतो.

तेव्हा मुलुंडच्या त्या मित्राला आमचं उत्तर असं. बाळा, क्लब तोच आहे, कारण तू अजून घाटकोपरला गाडी बदलतोस. मात्र 'आमची सिटी' मधल्या 'आमची'त तू आहेस की नाही, हे अजून ठरायचं आहे. ते लिहून घ्यायला हवं, आणि एकट्यानं नव्हे. तिथं 'आम्ही' सोडून 'आपण' म्हणायला लागेल.

आज इथंच थांबतो.