पॉवर वाढवून नेट सुधारत नाही
बिनतारी जग : लेखांक ७

मागच्या आठवड्यात आपण डेसिबलचा हिशेब पाहिला. ३ डेसिबल म्हणजे दुप्पट, १० म्हणजे दहापट. तोच हिशेब आज गच्चीवर न्यायचा आहे.

व्हेनेझुएलात २००७ साली एर्मानो पिएत्रोसेमोली यांनी दोन उंच डोंगरमाथ्यांदरम्यान, तब्बल ३८२ किलोमीटरवर, वायफायची लिंक चालवून दाखवली. रेडिओ वायफायचेच, फक्त त्यातलं सॉफ्टवेअर बदललेलं. अँटेना मात्र मोठाल्या. दोन्ही दिशांना सेकंदाला साधारण ३ मेगाबिट मिळाले. आणि आपल्याकडे तालुक्याच्या गावात बसस्टँडजवळच्या टॉवरवरून पाच किलोमीटरवरच्या फार्महाउसला नेट द्यायचं म्हटलं की इन्स्टॉलरच्या नाकी नऊ येतात. हा फरक रेडिओच्या ताकदीचा नाही. त्या डोंगरमाथ्यांवर बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. आपल्या गावात सगळे एकाच वेळी बोलतात.

त्यात बेकायदा काही नाही. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात २००५ साली परवानामुक्त झाला आणि २०१८ साली ५ गिगाहर्ट्झच्या आसपासचे एकूण ६०५ मेगाहर्ट्झ खुले झाले. परवाना नाही म्हणजे पैसे नाहीत, तसंच संरक्षणही नाही. शेजारचा केबलवाला तुमच्याच चॅनेलवर आला तर दाद मागायला जागा नाही.

आता आकडे पाहू. २० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनेलमध्ये रेडिओचा स्वतःचा आणि निसर्गाचा मिळून गोंगाट उणे ९५ डीबीएमच्या (म्हणजे एक मिलीवॉटच्या तुलनेत मोजलेल्या डेसिबलच्या) आसपास असतो. त्याखाली कुणालाच जाता येत नाही. मोकळ्या शिवारात तुम्ही या तळाजवळ असता, पण गावात हाच तळ उणे ७५ पर्यंत वर आलेला दिसतो. समजा टॉवरकडून ४ वॉट, म्हणजे ३६ डीबीएम, निघाले. ५.८ गिगाहर्ट्झवर पाच किलोमीटरमध्ये १२२ डेसिबल हवेत जातात. फार्महाउसवर ३० सेंटिमीटरची डिश असेल तर हाती उणे ६३ येतात. शिवारात ही लिंक पळेल, कारण सिग्नल आणि गोंगाट यांत ३२ डेसिबलचं अंतर आहे. गावच्या गोंगाटात ते १२ वर येतं आणि रेडिओ धिम्या, जाड्याभरड्या मोड्युलेशनवर, म्हणजे लहरींवर माहिती चढवण्याच्या पद्धतीवर, उतरतो. सिग्नलच्या रेघा मात्र तेवढ्याच दिसतात. म्हणून ‘रेंज फुल आहे, पण नेट चालत नाही’ ही तक्रार शंभर टक्के खरी असते.

अशा वेळी पहिला हात जातो तो पॉवरच्या सेटिंगकडे. कायद्याची मर्यादा आहेच, पण तांत्रिक कारणही आहे. रेडिओच्या माहितीपत्रकात नीट पाहा. सर्वांत वेगवान मोड्युलेशनसमोर लिहिलेली पॉवर सर्वांत धिम्या मोड्युलेशनपेक्षा काही डेसिबलनी कमीच असते. अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण ताणला की सिग्नल वेडावाकडा होतो, आणि वेगवान मोड्युलेशनला तो वेडेवाकडेपणा खपत नाही. शिवाय तुमचा वाढलेला आवाज शेजाऱ्याचा गोंगाट ठरतो. मग तोही पॉवर वाढवतो. महिन्याभरात दोघंही जिथं होते तिथंच, पण गावाचा तळ आणखी वर.

जत्रेत समोरच्याचं बोलणं ऐकू येईना तर आपण कानामागे तळहात धरतो. डिशचं काम तेच. ३० ऐवजी ६० सेंटिमीटरची डिश लावली की ६ डेसिबल जास्त मिळतात, आणि तिची नजर साधारण १२ अंशांवरून ६ अंशांवर येते, त्यामुळे आजूबाजूचे आवाज बाहेर राहतात. कायद्याची मर्यादा प्रक्षेपणावर आहे, ऐकण्यावर नाही. डिश मोठी झाली की त्या मानाने पॉवर उतरवावी लागते, पण ऐकण्यातला फायदा तुमचाच राहतो. माझ्या मते बाहेरच्या वायफायमध्ये पैसे घालायची पहिली जागा हीच. मात्र गोंगाट करणारा नेमका टॉवरच्याच रेषेत, त्याच्या मागे उभा असेल तर मोठी डिश त्यालाही मोठं करते. तिथं चॅनेल बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

दुसरा उपाय फुकट आहे, आणि नेमका तोच कुणी करत नाही. डिश हमखास गच्चीतल्या टाकीच्याही वर, सर्वांत उंच पाइपवर चढते. तिथून टॉवर दिसतो, आणि सगळं गावही. तीच डिश खाली आणून टाकीच्या टॉवरकडच्या अंगाला लावली की पाण्याने भरलेली सिमेंटची टाकी मागून येणारा गोंगाट अडवते. १० डेसिबलच्या घरात फरक पडू शकतो. फक्त समोरची वाट मोकळी हवी. पाच किलोमीटरच्या मध्यावर लहरींना सरळ रेषेच्या सगळ्या बाजूंनी निदान पाच मीटर जागा लागते. मधलं आंब्याचं झाड त्यात डोकं घालत नाही ना, ते पाहा.

चॅनेलची रुंदी हा तिसरा मुद्दा. विक्रेत्याला ८० मेगाहर्ट्झचा आकडा दाखवायला आवडतो. पण रुंदी दुप्पट केली की गोंगाट ३ डेसिबलनी वाढतो, आणि शेजाऱ्याशी गाठ पडण्याची शक्यताही वाढते. गजबजलेल्या गावात २० किंवा १० मेगाहर्ट्झची स्वच्छ फट मिळाली तर ती रुंद पण तुंबलेल्या चॅनेलपेक्षा जास्त काम देते.

सर्वांत जास्त फसगत मात्र वेगळ्याच ठिकाणी होते. गोंगाट ऐकणाऱ्याच्या जागी असतो, बोलणाऱ्याच्या नव्हे. त्यामुळे एकाच लिंकची दोन टोकं दोन वेगळ्या जगांत असतात. फार्महाउस शांत, म्हणून यूट्यूब झकास चालतं. टॉवरवरची ९० अंशांची अँटेना अर्धं गाव ऐकत असते, म्हणून व्हिडिओ कॉलवर समोरचा म्हणतो, ‘तुमचा आवाज तुटतोय.’ इन्स्टॉलर घरी येऊन डिश हलवतो, राउटर बदलतो, आणि दुखणं टॉवरवर तसंच राहतं. तिथं ३० अंशांची अरुंद अँटेना लागते, आणि चॅनेल टॉवरवर कान लावून निवडावा लागतो.

तमिळनाडूत अरविंद नेत्र रुग्णालयाने गावांतल्या नेत्रकेंद्रांतून डॉक्टरांशी व्हिडिओवर तपासणी व्हावी म्हणून लांब पल्ल्याच्या वायफाय लिंक वापरल्या. त्यामागच्या बर्कली विद्यापीठाच्या गटाने अशा लांब लिंकवर पॅकेट का गळतात ते मोजलं. मुख्य कारण निघालं बाहेरच्या वायफायची ढवळाढवळ, आणि शहराला लागलेल्या लिंकना तिचा जाच जास्त होता.

हा गोंगाट मोजायला मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये दिसणारी वायफायच्या नावांची यादी पुरत नाही. नाव न सांगता बोलणारे रेडिओ तीत दिसतच नाहीत; त्यासाठी रेडिओमधलं स्पेक्ट्रमचं पान उघडावं लागतं. तेही सकाळी अकराला नव्हे, रात्री नऊला, जेव्हा सगळं गाव नेटवर असतं.

तेव्हा नवी जोडणी घेताना इन्स्टॉलरला शिडीवरून उतरण्याआधी तीन गोष्टी विचारा: दोन्ही टोकांचा गोंगाट किती, चॅनेल किती रुंद, आणि रात्री अपलोड किती मिळेल. फक्त सिग्नलचा आकडा दाखवून तो निघाला, तर पैसे थोडे राखून ठेवा.