भारोत्तोलक नायिका, सडपातळ अभिनेत्री : ‘किम बोक-जू’ची पात्रनिवड काय सांगते?

दक्षिण कोरियाच्या एमबीसी वाहिनीवर १६ नोव्हेंबर २०१६ रोजी सुरू झालेल्या ‘वेटलिफ्टिंग फेअरी किम बोक-जू’ या सोळा भागांच्या मालिकेची नायिका पुस्तके छातीशी धरून विद्यापीठात वावरत नाही. ती भारोत्तोलक आहे. भरपेट जेवते, मोठ्याने हसते आणि मैत्रिणींसाठी भांडायला मागेपुढे पाहत नाही. हलक्याफुलक्या महाविद्यालयीन प्रेमकथेच्या चौकटीत अशी नायिका आणणे हेच या मालिकेचे वेगळेपण होते. मात्र, त्या भूमिकेसाठी एका सडपातळ मॉडेलची निवड झाल्याने प्रसारणापूर्वीच चर्चेला तोंड फुटले. मालिका संपून अनेक वर्षे लोटली, तरी तो प्रश्न जुना झालेला नाही.

कथानक आणि पात्रे

कथा घडते ती हानोल या काल्पनिक क्रीडा विद्यापीठात. एकविशीतील किम बोक-जू ही तेथील गुणी भारोत्तोलक. घरी तळलेल्या कोंबडीचे छोटे दुकान चालवणारे वडील आणि अभिनेता होण्याची स्वप्ने पाहणारा काका आहे. त्याच विद्यापीठात जंग जून-ह्युंग हा जलतरणपटू शिकतो. हा बोक-जूचा प्राथमिक शाळेतील सोबती. तेव्हा तो तिला जाडी म्हणून चिडवत असे. पहिल्याच आंतरराष्ट्रीय स्पर्धेत इशाऱ्याआधी पाण्यात सूर मारल्यामुळे तो बाद ठरला होता आणि त्या क्षणाचे भय अजून त्याच्या मनातून गेलेले नाही.

बोक-जूचे मन आधी जडते ते जून-ह्युंगच्या चुलत भावावर. हा भाऊ, जंग जे-ई, लठ्ठपणावर उपचार करणारा डॉक्टर आहे. त्याला भेटता यावे म्हणून ती आपण सेलो वाजवणारी विद्यार्थिनी असल्याचे खोटेच सांगते आणि वजन घटवण्याच्या उपचारांसाठी नाव नोंदवते. ज्या खेळात वजन ही ताकदीची पुंजी, त्या खेळातील मुलगी प्रशिक्षकांना न कळवता वजन उतरवू पाहते. मालिकेतील विनोद आणि वेदना, दोन्ही याच विसंगतीतून जन्मतात.

तिच्यासमोर उभी केलेली सोंग शी-हो ही रिदमिक जिम्नॅस्ट आणि जून-ह्युंगची पूर्वीची प्रेयसी. रूढ साच्यात ती खलनायिका झाली असती. येथे मात्र तिच्या वाट्याला उपासमार, अनावर खाणे आणि नंतरचा पश्चात्ताप आला आहे. वसतिगृहाच्या एकाच खोलीत राहणाऱ्या या दोन मुलींपैकी एकीला खेळासाठी वजन राखावे लागते, तर दुसरीला जेवण तोडावे लागते. शरीराचे ओझे दोघींनाही चुकलेले नाही. हे प्रेमाच्या त्रिकोणापलीकडचे सूत्र मालिकेच्या पात्ररचनेतील सर्वांत सकस भाग म्हणावा लागेल.

कोणाची निवड झाली?

बोक-जूच्या भूमिकेतील ली संग-क्युंग आणि जून-ह्युंग साकारणारा नाम जू-ह्युक हे दोघेही मॉडेलिंगमधून अभिनयाकडे आलेले. २०१६च्या प्रारंभी विद्यापीठाच्याच पार्श्वभूमीवरील ‘चीज इन द ट्रॅप’ या मालिकेत दोघांनी दुय्यम भूमिका केल्या होत्या. नाम जू-ह्युकने त्याआधी ‘स्कूल २०१५’मध्येही जलतरणपटूच रंगवला होता. शी-होच्या भूमिकेत क्युंग सू-जिन, तर डॉक्टरच्या भूमिकेत ली जे-यून होते. प्रशिक्षक आणि वडील यांच्या भूमिका चे मू-संग, जंग यंग-नाम आणि आन गिल-कांग या मुरलेल्या कलावंतांकडे सोपवण्यात आल्या. तरुण नायक-नायिकांच्या मालिकेला वजन प्राप्त होते ते बहुधा अशाच अनुभवी कलावंतांमुळे.

आक्षेप आणि त्याची दुसरी बाजू

या मालिकेमागील प्रेरणा म्हणून जंग मी-रान यांचे नाव घेतले जाते. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ७५ किलोवरील गटात एकूण ३२६ किलो वजन उचलून विश्वविक्रमासह सुवर्णपदक पटकावणाऱ्या या खेळाडूची भरदार देहयष्टी कोरियन प्रेक्षकांच्या स्मरणात होती. त्यामुळे उंच, सडपातळ अभिनेत्री त्या प्रेक्षकांना पटणे अवघड होते. ली संग-क्युंगने भूमिकेसाठी वजन वाढवले, केस कापले आणि प्रसाधनाला जवळजवळ रजा दिली. तरीही ती बारीकच दिसते, असा आक्षेप कायम राहिला.

या आक्षेपात तथ्य आहे, तसा एक गैरसमजही आहे. भारोत्तोलन हा वजनगटांचा खेळ आहे. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये महिलांसाठी ४८ किलोपासून ७५ किलोवरील गटापर्यंत सात गट होते. सिडनी येथे २००० मध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या कर्णम मल्लेश्वरी ६९ किलो गटात, तर टोकियोत रौप्यपदक जिंकणाऱ्या मीराबाई चानू ४९ किलो गटात खेळल्या. म्हणजेच प्रत्येक भारोत्तोलक स्त्री धिप्पाडच असते, ही समजूत चुकीची आहे.

मूळ प्रश्न मात्र याने सुटत नाही. पडद्यावरील इतर पात्रे बोक-जूला सतत ‘जाडी’ म्हणत असतील आणि प्रेक्षकाला समोर मॉडेल दिसत असेल, तर संवाद एक सांगतात आणि चित्र दुसरेच. आपल्या शरीराबद्दल आधीच साशंक असलेल्या मुलीने यातून कोणता बोध घ्यावा? शिवाय मुळातच भरदार बांध्याच्या अभिनेत्रींना विनोदी मैत्रिणीपलीकडची भूमिका मिळण्याची एक संधी हुकते, ती वेगळीच.

हा पेच केवळ कोरियाचा नाही. भूमी पेडणेकरने २०१५च्या ‘दम लगा के हईशा’साठी वजन वाढवले होते. सचिन कुंडलकर यांच्या ‘वजनदार’ या मराठी चित्रपटासाठी सई ताम्हणकर आणि प्रिया बापट यांनीही तेच केले. तो चित्रपट प्रदर्शित झाला तो नोव्हेंबर २०१६ मध्येच. भूमिकेसाठी चढवलेले वजन चित्रीकरणानंतर उतरवता येते. ज्या स्त्रियांची ती कथा असते, त्यांना ही सोय नसते.

मग मालिका टिकली कशी?

जुन जी-ह्युन आणि ली मिन-हो यांची ‘द लेजंड ऑफ द ब्लू सी’ ही मालिका त्याच दिवशी, त्याच वेळेला सुरू झाली होती. त्या स्पर्धेत ‘किम बोक-जू’ प्रेक्षकसंख्येत मागे पडली. पुढे मात्र ऑनलाइन मंचांमुळे तिला देशाबाहेर मोठा चाहतावर्ग लाभला.

त्याचे श्रेय ज्या निवडीवर टीका झाली, तिलाही द्यावे लागेल. ली संग-क्युंगने बोक-जूचे वजन नव्हे, तर तिची चाल पकडली : खांदे पुढे, पावले जड, नजर आधी जमिनीकडे आणि मग थेट समोर. जून-ह्युंग तिला बदलायला सांगत नाही आणि प्रेम जुळल्यावर तिचा खेळही सुटत नाही. नायिकेचे रूप पालटले की नायक तिच्याकडे वळतो, हा या प्रकारातील जुना संकेत येथे मोडला गेला. मालिकेने कथेत दाखवलेले हे धैर्य पात्रनिवडीतही दाखवले असते, तर ते अधिक पूर्ण ठरले असते.