टेबलावरचा कसारा घाट
(रूळ आणि गप्पा : भाग ६)

सटाण्यात रेल्वे नाही. हे पुन्हा सांगावं लागतंय, कारण मागच्या आठवड्यातला सिग्नलवरचा भाग वाचून एका गृहस्थांनी मला एसटी स्टँडवर गाठलं आणि विचारलं, "तुमचं स्टेशन आहे तरी कुठं?" आमचं स्टेशन दादांच्या माडीवर आहे. आठ फूट बाय चार फूट प्लायवूड, त्यावर छोटी रेल्वे, खाली सुताराच्या दोन घोड्या आणि खिडकीबाहेर कांद्याची चाळ. उन्हाळ्यात चाळ भरायला लागली की पापुद्रे उडत वर येतात आणि गाडी बंद पडते. तिच्या इंजिनाला बारा व्होल्टची वीज रुळांतूनच मिळते, त्यामुळे चाक आणि रूळ यांच्यात एक पापुद्रा शिरला तरी काम झालं. इंग्लंडात पानगळीमुळे गाड्यांना उशीर होतो, सटाण्यात कांद्यामुळे होतो.

तर गेल्या रविवारचं भांडण. डाळिंबाची पट्टी हातात आल्याच्या खुशीत दादांनी मुंबईहून निळा डबा आणला. आपल्या ब्रॉडगेजवर धावतो तसाच, १:८७ या प्रमाणात केलेला. म्हणजे खरा डबा ८७ पट लहान केला की जेवढा होईल तेवढा. रुळांवर ठेवला आणि आमचे आप्पा (एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झाले, पण तिकीट तपासायची नजर अजून तशीच) म्हणाले, "दादा, पहिलवानाला पोराच्या चपला घातल्यासारखं दिसतंय हो."

मास्तरांनी खिशातून पट्टी काढली. मास्तर गणिताचे, पट्टीशिवाय घराबाहेर पडत नाहीत. दुकानात मिळणाऱ्या रुळांच्या जोडीत आतून अंतर भरलं १६.५ मिलिमीटर. हा आकडा युरोपातून आलाय. तिकडच्या बहुतेक रुळांमधलं अंतर १४३५ मिलिमीटर, त्याला ८७ ने भागा, बरोबर साडेसोळा. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची, म्हणजे साडेपाच फुटी. तिला ८७ ने भागलं की सव्वाएकोणीस येतात. डबा आपल्या मापाचा, खालची चाकं मात्र युरोपच्या मापाची.

"म्हणजे फरक किती?"

"पावणेतीन मिलिमीटर."

"एवढ्यासाठी डबा परत करू काय मी?" दादा भडकले.

हे पावणेतीन मिलिमीटर आले कुठून, ते बघायला लॉर्ड डलहौसीपर्यंत जावं लागतं. हिंदुस्थानात रूळ टाकायचे ठरले तेव्हा इंग्लंडचं माप तयार होतं, चार फूट साडेआठ इंच. पण इथल्या वादळवाऱ्यात गाडी ठाम उभी राहायची तर रूळ रुंद हवेत, असा एक विचार होता. डलहौसीला तर सहा फूट हवे होते. घासाघीस होऊन साडेपाच ठरले. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी चौदा डबे ओढले ते याच मापावर. (इथे आप्पा दर वेळी आठवण करून देतात की ती प्रवाशांची पहिली गाडी, माती वाहणारं इंजिन त्याआधी १८५१ मध्येच रुडकीला चाललं होतं. आम्ही दर वेळी मान डोलावतो.)

पुढे रुंद रूळ सरकारला महाग वाटायला लागले. लॉर्ड मेयोच्या काळात, १८७० नंतर, स्वस्तातली मीटरगेज आली. तिचा अनुभव घ्यायला आम्हा सटाणेकरांना लांब जायची गरज नव्हती. मनमाडला मुंबईची ब्रॉडगेज आणि औरंगाबादवरून हैदराबादकडे जाणारी मीटरगेज शेजारी शेजारी उभ्या असत. एका मापाच्या वाघिणीतून पोती उतरवायची आणि दुसऱ्या मापाच्या वाघिणीत चढवायची. आप्पांनी ते लहानपणी पाहिलंय. "दोन रुळांमधलं अंतर हमालाच्या पाठीवर असायचं," असं ते म्हणाले आणि मग स्वतःच्याच वाक्यावर खूश होऊन दुसरा चहा मागितला. नव्वदच्या दशकात तिथली मीटरगेज गेली.

मास्तरांचं मत, रूळ विकत घेऊच नयेत. लाकडी पट्ट्यांवर सव्वाएकोणीसच्या मापाने हाताने ठोकावेत, इंजिनाची चाकं कापून आस लांब करावेत. असं करणारे छांदिष्ट आहेतही. दादा म्हणाले, "मास्तर, तुमची पेन्शन आहे. मला बागेवर फवारणी असते." मला दादांचं पटतं. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभं केलेलं, १९९८ साली सुरू झालेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आम्ही सगळेच बघून आलो. तिथे सबंध शहर आहे, दिवे लागतात, गाड्या एकमेकींना वाट देतात. बघताना कुणी रुळांना पट्टी लावली नाही. परतीच्या वाटेवर आपलं प्लायवूड आठवून संगमनेर येईपर्यंत कुणी बोललंही नाही, तो भाग वेगळा.

अंतराच्या बाबतीत तर सगळेच लबाडी करतात. बोरीबंदर ते ठाणे ३४ किलोमीटर. ८७ ने भागले तरी ३९१ मीटर उरतात. म्हणजे दादांच्या माडीवरून निघून थेट आरम नदीकडे रूळ टाकत जायचं. म्हणून एक स्टेशन, एक पूल, एक बोगदा घ्यायचा आणि मधलं डोळ्यांनी भरून काढायचं.

चढाला मात्र फसवता येत नाही. आम्हाला कसारा घाट करायचा होता. १ जानेवारी १८६५ ला सुरू झालेला तो मार्ग ३७ फूट पुढे गेलं की एक फूट चढतो. टेबलावर एका रुळावरून दुसरा रूळ न्यायचा तर वरचा आठ सेंटिमीटर तरी उंच हवा. सदतीस आठे दोनशे शहाण्णव, जवळपास तीन मीटर. आमचं टेबल २४४ सेंटिमीटरचं. मास्तरांनी चढ थोडा उभा केला. इंजिन निम्म्यावर गेलं आणि चाकं जागच्या जागी फिरायला लागली. खऱ्या कसाऱ्याला अशा वेळी मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात. आप्पांनी करंगळी लावली. "बँकर लागला," म्हणाले, आणि निळा डबा इगतपुरीला पोचला.

भांडण मिटवलं दादांच्या भाच्याने. तो कॉलेजात आहे, आमच्यात सर्वांत कमी बोलतो. त्याने पाचोरा–जामनेरचं माप विचारलं. खानदेशातली ती छप्पन्न किलोमीटरची नॅरोगेज, सगळे तिला पीजे म्हणत. २०२० पासून तिच्यावर गाडी धावलेली नाही. माप अडीच फूट, ७६२ मिलिमीटर. मास्तरांनी कागदावर भागाकार मांडला : ८.७६. आणि बाजारात याहून छोट्या गाड्यांसाठी जे रूळ मिळतात ते नऊ मिलिमीटरचे. म्हणजे चाकं कापायला नकोत, रूळ ठोकायला नकोत. डलहौसीची गाडी बसत नाही ती बसतच नाही, आपली पीजे मात्र दुकानातल्या रुळांवर चपखल.

भाच्याने पुठ्ठ्याचा डबा आधीच करून ठेवला होता. तो नऊच्या रुळांवर मांडत असतानाच दादांच्या आई चहा घेऊन वर आल्या. माहेर शेंदुर्णीचं, पीजेवरचंच. थोडा वेळ वाकून बघत राहिल्या.

"भो, हाई गाडी कथी चालनी?"

"जामनेरले, आजी."

"मंग माले शेंदुर्णीले उतारी दे."

टेबलावर शेंदुर्णी नव्हती. मास्तरांनी काडेपेटी उचलली, रुळांशेजारी उभी केली आणि भाच्याला गाडी हळू घ्यायला सांगितलं.